नाकतोड्यामागचे भिवाजीकाका

पांढुर्णा, जि. छिंदवाडा (म. प्र.)
सोमवार, ९ जून १९८६

तीर्थरूप मधुदादास,

उर्मिलाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. खरोखर आडवं पडायला या घरात जागा नाही. दोन्ही नणंदा लेकरांसकट आल्या आहेत आणि उरलेल्या जमिनीवर मुगवड्या वाळून राहिल्या आहेत.) इकडे सर्व खुशाल, म्हणजे मला वगळून सर्व. तुझा खोकला गेला का? वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं रोज टेकडीवरच्या देवळात जायची काही गरज नाही, देव काही हजेरी घेत नाही. आईला हे पत्र इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं वाचू नको. तिला वाटते मी इथे सुखात आहे, आणि निदान एका माणसाला तरी तसं वाटत राहावं.

दादा, तू भाऊबीजेला तो तुझा जुना रशियन कॅमेरा ओवाळणीत घातलास, तेव्हा मी तुला किती आशीर्वाद दिले असतील! आता वाटते, साडी द्यायची होतीस रे. साडी पाहायला बाया येतात, पदर चाचपतात आणि घरी जातात. कॅमेऱ्याचं तसं नसते, हे मला कळलं ते फार उशिरा. मार्चमध्ये अनुराधा मॅडमचं पत्र आलं. (त्याच, बी. एस्सी.ला आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि माझ्या वहीतली चित्रं साऱ्या वर्गाला फिरवून दाखवायच्या.) त्या जूनमध्ये कॉलेजात एक प्रदर्शन भरवून राहिल्या आहेत, उन्हाळ्यातली रानफुलं आणि त्यांच्यावरचे किडे. जुन्या विद्यार्थिनींनी प्रत्येकी एक फोटो पाठवायचा, त्यात फूल आणि किडा दोन्ही साफ दिसले पाहिजेत, खाली काढणारीचं नाव लागणार, आणि दहा जूनच्या आत नागपूरला पोचला पाहिजे. फक्त एक फोटो! मला तर रात्रभर झोप आली नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, दादा. या अकरा वर्षांत माझं नाव कशावर छापून आलं असेल तर ते रेशनकार्डावर, आणि तिथेही चुकीचं. म्हटलं, एकदा तरी भिंतीवर आपलं नाव पाहू. (भिंत हा शब्द मी तेव्हा किती सहज वापरला!)

उन्हाळ्यात कुठली आली फुलं, असं आमच्या ह्यांनी विचारलं. ह्यांचा दोष नाही. हे सकाळी आठच्या बसने सौसरला तहसीलीत जातात आणि संध्याकाळी फायलींचा वास घेऊन येतात, वाटेत खिडकीबाहेर पाहायचं असते हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मी म्हटलं रुई आहे, पिवळा धोत्रा आहे, तरवड आहे, भुईरिंगणीचं जांभळं फूल तर असं सुंदर असते की काटे विसरून हात जाते. पण ही सारी फुलं पाहण्यासारखी असतात ती सकाळी सहा ते साडेसात. पुढे ऊन असं चढते की किडेसुद्धा पानाखाली जाऊन बसतात. आणि सहा ते साडेसात ही आमच्या नळाची वेळ. त्या दीड तासात अकरा माणसांचं पाणी भरायचं, ह्यांचा डबा करायचा, लेकरांना दूध द्यायचं, आणि ज्या दिवशी कुरडया असतील त्या दिवशी गव्हाचा चीक घोटायचा. चीक घोटता घोटता एकदा परसातल्या एकदांडीवर फुलपाखरू बसलेलं दिसलं. मी तशीच धावले. फोटो तर आलाच नाही, वर कॅमेऱ्याच्या बटणाला चीक लागून असा वाळला की तो मला सुईने खरवडावा लागला. सासूबाईंना माझी दया आली. (त्या मनाने वाईट नाहीत, हे मी पुढेही लिहीन, कारण पुढे तुला ते पटणार नाही.) दुसऱ्या दिवशी त्यांनी नदीकडून येताना पदरात भुईरिंगणीची ओंजळभर फुलं खुडून आणली, त्यांच्यावरचे सारे किडे नीट झटकून टाकले, पाण्याखाली धुतली, आणि ताटलीत मांडून म्हणाल्या, घे, आता घरीच बसून काढ काय काढायचा तो फोटो, उन्हात कशाला जातेस.

तेव्हा मी एक युक्ती केली. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार असते. मी म्हटलं पानं मीच आणत जाईन. तिगावच्या रस्त्याला भिवाजीकाकांचा संत्र्याचा बगीचा आहे ना, त्याच्या बांधावर रुई माजली आहे. (भिवाजीकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, वय ब्याऐंशी, घर आमच्या घराला लागून. तुझ्या लक्षात असतील, माझ्या लग्नात त्यांनी तुला संत्री खाऊ घालून घालून आजारी पाडलं होतं.) धर्माच्या कामाला घरातलं कोणी नाही म्हणत नाही. पिशवीत खाली कॅमेरा आणि वर पानं, असे दोन शनिवार बरे गेले, फक्त किडा काही धड बसेना. तिसऱ्या शनिवारी मी रुईच्या झुडपामागे बसून, श्वास रोखून एका भुंग्याची वाट पाहून राहिली होती, तेवढ्यात पलीकडून भिवाजीकाका आले. त्यांना माझं डोकं दिसलं. सकाळची वेळ, झुडपाआड खाली बसलेली बाई, दुसरं काय समजणार सांग! काका मोठमोठ्याने खोकले, पाठ फिरवली आणि जवळजवळ पळतच निघून गेले. घरी जाऊन त्यांनी मनकर्णाकाकूंना सांगितलं, काकूंनी सासूबाईंना सांगितलं, आणि मी पानं घेऊन आले तेव्हा दोन्ही नणंदा माझ्याकडे अशा पाहत होत्या की मला आधी वाटलं कोणी गेलं. सासूबाई म्हणाल्या, घरी संडास बांधून चार वर्षं झाली, दाराला आतून कडी आहे, आत दिवा आहे, तुला अजून काय पाहिजे?

अब्रूपायी मला सगळं सांगावं लागलं. कॅमेरा काढून दाखवला, मॅडमचं पत्र वाचून दाखवलं. सगळे हसले आणि विषय मिटला असं मला वाटलं. कुठचा मिटते! संध्याकाळी भिवाजीकाका धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, काठी घेऊन ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, सूनबाई, किड्याचे फोटो काढतेस, तर एक माझाही काढ. भिंतीवरचा. आता आमच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे, तो तू पाहिला आहेस. सासरे गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता, म्हणून कोणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्यांना कापून काढून मोठं केलं. त्यांच्या खांद्यावर कोण्या परक्या माणसाचा हात तेवढा राहून गेला. पंधरा वर्षं झाली, आम्ही त्या हातालाही हार घालतो. काका त्या फोटोकडे पाहत म्हणाले, मले असं नाही पाहिजे. माझा मी एकटा पाहिजे.

एवढ्या साध्या मागणीला नाही कसं म्हणणार? मी हो म्हटलं, आणि तीच माझी चूक झाली, दादा. चार दिवसांत मोहल्ल्यातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना कळलं की उर्मिला भिंतीवरचे फोटो काढून राहिली आहे. स्टुडिओत जायला ते लाजत होते (मरणाची तयारी करून राहिलो असं दुकानात जाऊन कसं सांगायचं?), पण सुनेकडे जायला काय लाज? यशवंतराव पटवारी मे महिन्याच्या दुपारी काळा कोट घालून आले आणि फोटो येईपर्यंत श्वास सोडायचा नाही असं समजून डोळे पांढरे होईस्तोवर बसले. अंबाबाई नऊवारी नेसून आल्या, त्यांना हसल्यासारखं दिसायचं नव्हतं, कारण मेलेलं माणूस हसताना दिसलं तर लोक म्हणतील हिला कसली एवढी हौस. एक बुवा तर मोहगावहून बैलगाडीत आले, त्यांना मी अजूनही ओळखत नाही. मी रोज ठरवत होती की उद्यापासून बंद. पण म्हातारं माणूस दारात उभं राहून म्हणते, बाई, या उन्हाळ्यातून निघतो का नाही काय माहीत. मग कसं बंद करणार? माझा रोल असा म्हाताऱ्यांनी भरत चालला आणि त्यात एकही फूल नव्हतं.

मग मला पाप सुचलं. मी म्हटलं, म्हाताऱ्यांना फुलांमागे बसवू. त्यांचाही फोटो, माझाही फोटो. भिवाजीकाका सगळ्यात आधी आले होते आणि सगळ्यांना पुढे जाऊ देऊन शेवटी राहिले होते, असा त्यांचा स्वभाव. रोलमध्ये शेवटचाच फोटो उरला होता. मी त्यांना सकाळी त्यांच्याच बांधावर नेलं आणि रुईमागे बसवलं. टोपी सारखी केली, काठी हातात दिली. आणि कॅमेरा डोळ्याला लावते तर काय, रुईच्या गुच्छावर एक नाकतोडा येऊन बसला. असातसा नाही रे, पिवळ्याधमक अंगावर निळे पट्टे, हळदीवर शाईने रेघा ओढल्यासारखे. मिशा हलवत तो माझ्याकडेच पाहून राहिला होता. तूच शिकवलं आहेस, कॅमेऱ्याचं कडं फिरवून जवळचं साफ केलं की मागचं धुकं होते, आणि मागचं साफ केलं की जवळचं जाते. दोन्ही मिळत नाही. मी काकांकडे पाहिलं, नाकतोड्याकडे पाहिलं, आणि कडं नाकतोड्याकडे फिरवलं. कळून सवरून फिरवलं, दादा. खटका दाबला. काकांनी विचारलं, आला का चांगला? मी म्हटलं, फार छान आला, काका. त्यांनी दोन संत्री पिशवीत टाकली.

स्टुडिओवाल्याने रोल नागपूरला धुवायला पाठवला (तुझ्याकडेच पाठवायला पाहिजे होता, पण तुला विचारलं असतं तर तू मागच्या वेळसारखाच उशीर केला असतास). तोपर्यंत भिवाजीकाका रोज एकदा ओट्यावर यायचे. आला का गं? नाही काका. तेवीस मेला फोटो आले. यशवंतराव आले, अंबाबाई आल्या, मोहगावचे बुवा आले, सगळे असे ठसठशीत की आजच हार घालावा. आणि शेवटचा तो! नाकतोड्याच्या पायावरचा काटा न् काटा मोजून घे. रुईच्या फुलाच्या पाकळ्या मेणाच्या वाटत होत्या. मी देवघरापुढे उभी राहून रडले. मागे भिवाजीकाका म्हणून एक पांढुरका ढग होता, त्यावर टोपीसारखं काहीतरी. संध्याकाळी काका आले. आला का गं? मी तो फोटो पोळपाटाखाली लपवला आणि म्हटलं, अजून नाही काका, पुढच्या आठवड्यात. म्हटलं, नवा रोल मागवू, त्यांचा दुसरा चांगला काढू, मग दोन्ही दाखवू. काका म्हणाले, काही घाई नाही. तीन दिवसांनी, नवतप्याचे ते भाजून काढणारे नऊ दिवस नुकते लागले होते, काका दुपारचं जेवून बाजेवर पडले ते उठलेच नाहीत.

आता पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी मी नळावर होती, तेव्हा काकांचे पुतणे फोटो मागायला आले. सासूबाईंनी माझं कपाट धुंडाळलं, पोळपाट उचलला, फोटो सापडला, तो देऊन टाकला. आणि त्याच्यासोबतच्या पाकिटात त्यांना ती पट्टी मिळाली. (ज्यावरून फोटो पुन्हा काढता येते ती.) उजेडात धरून पाहिली तर काय, मोहल्ल्यातले सारे म्हातारे त्यात काळ्या तोंडाचे, पांढऱ्या डोळ्यांचे, आणि रुईचं पांढरं फूलसुद्धा काळं. धडधडीत जिवंत माणसांची भुतं आपल्या घरात बांधून ठेवली आहेत, आणि त्यातलं एक तर कालच गेलं! त्यांनी अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत पट्टी घातली, वरून मीठ-मोहऱ्या टाकल्या आणि यशवंतराव वाचले म्हणून देवाला हात जोडले. मी ओल्या घागरीसकट दारात उभी होती. मला धड रागावताही येईना, कारण त्यांनी सगळं प्रेमाने केलं होतं. मी घागर खाली ठेवली आणि पुन्हा पाणी आणायला गेली.

म्हणजे आता त्या फोटोची एकच प्रत उरली, आणि ती चौकटीत घालून काकांच्या घरी भिंतीवर. तेरा दिवस मी ते पाहिलं, दादा. दर्शनाला येणारा माणूस आधी फोटोकडे पाहायचा, मग घरच्यांकडे, मग पुन्हा फोटोकडे. गंध लावायला कपाळ सापडेना, म्हणून लोधीखेड्याहून आलेल्या एका पाहुण्याने जे काही समोर ठळक दिसलं त्याला लावलं. मग पाहून पाहून सगळेच लावू लागले. तेरवीपर्यंत नाकतोड्याला चांगलं बोटभर गंध झालं होतं, चंदनाचा हार होता, पुढे उदबत्ती, आणि माणसं डोळे मिटून त्याला नमस्कार करून राहिली होती. मोहल्ल्यातले भगवंतराव म्हणाले, आत्मा जाताना असं रूप घेते. मला हसूही आलं नाही. सारखं एकच मनात येत होतं की त्या माणसाने जन्मात एक गोष्ट मागितली, माझा मी एकटा पाहिजे म्हणून, आणि मी त्याला किड्यामागे बसवलं. आणि खरं सांगते, त्याच्यातही मनाचा एक कोपरा दहा जून मोजून राहिला होता. इतकी नीच बाई तुझ्या घरात जन्मली, हे आईला सांगू नको.

परवा तेरवी झाली. काल मी मनकर्णाकाकूंकडे गेली. काय बोलायचं ते घरूनच ठरवून नेलं होतं. म्हणणार होती, काकू, फोटो पुसट आला आहे, नागपूरला पाठवून साफ करून आणते. धडधडीत खोटं. तिथून तो मॅडमकडे जाणार, महिनाभर भिंतीवर लागणार, खाली माझं नाव, मग परत. काकू फोटोसमोरच बसून होत्या, फोटोला नाक लागेल इतक्या जवळ. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या. "सारे म्हणतात, बुढा दिसतच नाही याच्यात. मले तं असेच दिसत होते ते. माह्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला तवापासून बारा वर्स असेच पाहिले म्या त्याहिले. तू दुसरा कोणता साफ फोटो आणला असता तं म्या म्हटलं असतं, हा कोण मानूस आणून टांगला माह्या घरात." मग त्यांनी काचेवरून बोट फिरवत विचारलं, हे पुढे पिवळंपिवळं काय आहे? मी म्हटलं, फूल आहे काकू. बरं झालं, म्हणाल्या, त्याहिच्या बांधावरचं असन.

मी चहा घेतला आणि घरी आली. फोटो मागितला नाही. आज दिवसभर मुगवड्या उलटल्या. मॅडमच्या पत्रासोबत आलेला फॉर्म तेलाच्या डब्याखाली घातला आहे, ओघळ टिपायला. आता पुन्हा कोणी म्हाताऱ्याने कितीही गळ घातली तरी कॅमेऱ्याला हात लावणार नाही, ही माझी प्रतिज्ञा समज. वहिनीला नमस्कार, लेकरांना गोड पापे, आणि तुझ्या खोकल्याला अडुळसा.

तुझी हरलेली बहीण,
उर्मिला

ता. क. – एक रंगीत रोल पाठव. नागपूरहून येणाऱ्या कोण्याही बसवाल्याच्या हाती दे, मी स्टँडवर घ्यायला जाईन. खरं म्हणजे त्यासाठीच पत्र लिहायला बसली होती. मी चहा पिऊन उठली तेव्हा मनकर्णाकाकू म्हणाल्या, माझाही असाच काढ, त्याच बांधावर, पुढे काहीतरी ठेवून, म्हणजे दोघांचे शेजारी शोभतील. हो म्हणून बसली आहे.

ता. क. दुसरा – पाकीट बंद करते तर सासूबाई म्हणाल्या, लिही, दोन रोल पाठवा. त्यांना स्वतःला फोटो नको आहे, घरात असलेला बरा एवढंच. आणि या वेळची पट्टी त्या जाळणार नाहीत म्हणतात, गुरांना नजर लागू नये म्हणून गोठ्यात टांगतील.

ता. क. तिसरा – उद्या दहा तारीख. मॅडमना तूच भेट आणि सांग, उर्मिलाला फोटो जमला नाही. बाकी काही सांगू नको. त्या हसल्या तर हसू दे. पण त्यांनी खोदून विचारलं तर तुला खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. जमला होता, दादा. इतका चांगला जमला होता!